ब्राह्मणपारा : एका बहुभाषिक शहराचा वाङ्मयीन वृत्तांत

रायपूरच्या जुन्या वस्तीतून हिंडताना मोहल्ल्यांची नावे कानावर पडतात ती अशी : ब्राह्मणपारा, कंकालीपारा, तात्यापारा, बुढापारा, बैजनाथपारा. यांतील 'पारा' हा छत्तीसगढी शब्द ओडिया आणि बंगाली भाषांतील वस्तीवाचक शब्दाचा आप्त होय. आपल्याकडे ठाणे-पालघरच्या डोंगरांत आदिवासी वस्तीपुरता जो 'पाडा' उरला आहे, तोही त्याच कुळातला मानावयास हरकत नाही. तिकडे मात्र भर शहरातील ब्राह्मणांच्या आळीला पारा म्हणण्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. 'तात्यापारा' हे नाव तर मराठी माणसाला क्षणभर थांबवते. घरातल्या वडीलधाऱ्याचे मराठी संबोधन आणि पूर्वेकडचा वस्तीवाचक शब्द यांचा हा समास कोणा पंडिताने योजून केलेला नाही. तो बोलणाऱ्यांच्या तोंडी आपोआप घडला आणि टिकला.

शहरातील भाषावैविध्याचा गौरव करण्याची एक रीत अलीकडे सर्वत्र रूढ झाली आहे. एका व्यासपीठावर पाच-सहा भाषांचे कवी बसवावयाचे, प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकेक कविता म्हणावयाची, शाल-श्रीफळ व्हावयाचे आणि सर्वांनी आपापल्या घरी जावयाचे. अशा समारंभांना मीही अनेकदा उपस्थित राहिले आहे, आणि त्यांत वाईट असे काही नाही. परंतु तेथे भाषा शेजारी शेजारी बसतात, एकमेकींचे काही घेत नाहीत आणि एकमेकींसाठी काही सोडत नाहीत. शहराच्या बहुभाषिकतेतून कलाकृती निर्माण व्हावयाची असेल तर एका भाषेत जन्मलेल्या माणसाने दुसऱ्या भाषेच्या घरात जाऊन, तिच्या शिस्तीने, काही काम करावे लागते. आणि त्या कामाची किंमत त्याला स्वतःच्या भाषेत मोजावी लागते. रायपूरचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आपल्या मराठी वाङ्मयेतिहासाने तो जवळजवळ पाहिलेलाच नाही.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. मराठी भाषा छत्तीसगढात पाहुणी म्हणून गेली नाही. ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून गेली. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर रतनपूरवर चालून गेले आणि हैहयवंशीय राजांची सत्ता खिळखिळी झाली. पुढे 1758 पासून 1787 पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला, आणि त्यांच्या पश्चात सुभेदारांचा अंमल आला. कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे, पंढरीपांडे ही हुद्द्यांची नावे त्या काळाबरोबर तिकडे गेली. हुद्दे संपले तरी त्यांतील काही आडनावांच्या रूपाने अजून टिकून आहेत. 1818 नंतर काही वर्षे इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभार चालला, तेव्हा राजधानी रतनपुराहून रायपुरास आली. 1820 मध्ये अ‍ॅग्न्यू या अधिकाऱ्याने सादर केलेल्या अहवालात मराठी अमलाचे चित्र फारसे गौरवाचे नाही. नवा धनी जुन्या धन्याचे गुण गाईल अशी अपेक्षा कोणी करू नये हे खरे. तथापि छत्तीसगढच्या शेतकऱ्याला मराठीची पहिली ओळख सारावसुलीच्या कागदातून झाली, हे अ‍ॅग्न्यूच्या साक्षीवाचूनही समजण्यासारखे आहे. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि मराठीच्या हातून सत्ता गेली. ती गेल्यानंतरच तिकडील मराठी माणसांच्या हातून वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचे असे काही घडू लागले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रायपूर हे लहानसे जिल्ह्याचे ठिकाण होते, पण तेथे निरनिराळ्या भाषांची माणसे सरकारी कामानिमित्त, वकिलीनिमित्त आणि व्यापारानिमित्त येऊन राहत होती. बुढापाऱ्यात बंगाली बिऱ्हाडे होती. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, बालपणी 1877 पासून सुमारे दोन वर्षे आपल्या कुटुंबासह तेथे होते. त्याच वस्तीतील भूतनाथ डे यांचे पुत्र हरिनाथ डे रायपुरात शिकले, आणि पुढे अनेक भाषांचे पंडित म्हणून गाजून 1907 मध्ये कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे पहिले भारतीय ग्रंथपाल झाले. हिरालाल काव्योपाध्याय यांनी 1885 मध्ये छत्तीसगढीचे व्याकरण सिद्ध केले. ग्रियर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर करून 1890 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ज्या बोलीला शिकलेली मंडळी गावंढळ म्हणत होती, तिचे व्याकरण हिंदीच्या कित्येक मान्य व्याकरणांच्या आधी लिहिले गेले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

माधवराव सप्रे यांचा उदय याच वातावरणात झाला. त्यांचा जन्म 1871 मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. शिक्षण बिलासपूर, रायपूर येथे झाले. घरची भाषा मराठी. 1900 च्या जानेवारीत त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात त्यांचे जोडीदार रामराव चिंचोलकर आणि प्रकाशक रायपूरचे वामन बळीराम लाखे. ही नावे एकापुढे एक ठेवून पाहावीत : सप्रे, चिंचोलकर, लाखे. तीन मराठी माणसे हिंदी मासिक काढतात आणि त्याला नाव देतात ते आपल्या प्रांताचेही नव्हे, भाषेचेही नव्हे, तर ज्या भूमीवर आपण राहतो त्या भूमीचे. मासिक तीन वर्षे चालले आणि 1902 च्या अखेरीस पैशांवाचून बंद पडले. पण तेवढ्या अवधीत त्याने हिंदीत ग्रंथपरीक्षणाची एक शिस्तशीर प्रथा पाडली. ती प्रथा पाडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'चा आदर्श असावा, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. 1901 मध्ये याच मासिकात सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आली. हिंदीतील पहिली कथा कोणती हा वाद हिंदी समीक्षेत दीर्घकाळ चालला आहे. त्या वादात या कथेचे नाव आग्रहाने घेतले जाते. 'पहिली' या विशेषणाचा मला मोह नाही. पण आधुनिक हिंदी कथेच्या उंबरठ्यावर रायपूरचा एक मराठीभाषक उभा आहे, एवढे तरी निर्विवाद आहे.

सप्रे यांच्या चरित्रातील पुढचा भाग अधिक वेदनेचा आहे. 1907 मध्ये त्यांनी नागपुराहून 'हिंदी केसरी' काढला. टिळकांच्या लेखणीचा आवाज हिंदीत नेणे हा त्याचा उद्देश. 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली, आणि कुटुंबीयांच्या दडपणामुळे त्यांनी माफी लिहून दिली. ज्या वर्षी टिळक मंडालेला गेले त्याच वर्षी त्यांच्या हिंदी अनुयायाने माफी मागितली, हा सल सप्रे यांना फार लागला. सार्वजनिक जीवनातून ते काही काळ मागे सरले, रामदासी संप्रदायाच्या सहवासात राहिले, आणि त्या काळातून 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद जन्माला आला. पुढे टिळकांचे 'गीतारहस्य' 1915 मध्ये मराठीत प्रसिद्ध झाल्यावर अल्पावधीतच त्याचे हिंदी रूपांतर सप्रे यांनी सिद्ध केले. चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांनी हिंदीत नेला. 1924 मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि 1926 मध्ये रायपूर येथेच त्यांचे निधन झाले.

हिंदीतून मराठीत भाषांतरे करण्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा सप्रे यांच्या कामाची अडचण मला उलट बाजूने ठाऊक आहे. मराठी आणि हिंदी या भाषा एकमेकींना इतक्या जवळच्या की परक्या भाषेपेक्षा तेथेच ठेच अधिक लागते. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत विद्यादान. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. हे शब्द निदान डोळ्यांत भरतात. ज्यांची फसवणूक उशिरा ध्यानात येते असे दोन शब्द 'दासबोधा'च्या अगदी गाभ्यात आहेत : 'संसार' आणि 'प्रपंच'. मराठी माणूस संसार म्हणतो तेव्हा त्याला चूल, मुले, देणेकरी आणि पावसाळ्याआधी शाकारावयाचे घर दिसते. हिंदीत त्याच शब्दाने अवघे जग सूचित होते. 'प्रपंच' हा शब्द तर हिंदी बोलण्यात उठाठेव, बखेडा, किंबहुना कपट या अर्थाकडे झुकलेला. समर्थांचा सारा उपदेश प्रपंच नेटका करण्याविषयीचा. आणि तो ज्या भाषेत न्यावयाचा त्या भाषेत प्रपंच करणारा मनुष्य संशयास्पद! अशा ठिकाणी अनुवादकाला एकेका शब्दाचे भाषांतर करून भागत नाही; मूळ संप्रदायाने ज्या जीवनदृष्टीला शब्द दिला होता ती दृष्टीच वाचकाच्या भाषेत पुन्हा उभी करावी लागते. माफीने खचलेल्या एका गृहस्थाने हे काम हाती घ्यावे, आणि व्यवहारात राहून परमार्थ साधण्याची शिकवण आपल्या हिंदी वाचकांपुढे मांडावी, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे असे मला वाटते.

काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदी वैज्ञानिक परिभाषेचा कोश करावयास घेतला, तेव्हा त्यातील अर्थशास्त्राचा भाग सप्रे यांच्याकडे होता, हेही येथे नमूद करावे. परिभाषा घडविणे हे यशाचे काम नव्हे. शब्द रुळला की घडविणाऱ्याला कोणी आठवत नाही, आणि रुळला नाही तर हसतात.

आता ब्राह्मणपाऱ्याकडे वळू. कंकाली तलावाच्या परिसरातील या भागात उत्तरेकडून आलेली आणि महाराष्ट्रातून आलेली ब्राह्मण कुटुंबे एकमेकांच्या शेजाराने राहिली. घरात मराठी, ओट्यावर हिंदी आणि कामाला येणाऱ्या बायांशी छत्तीसगढी अशी तीन पदरांची बोलण्याची सवय तेथील मुलांना उपजतच लागे. येथील आनंद समाज वाचनालय 1908 मधले. 1908 हे साल पुन्हा येते ते बघावे : नागपुरात हिंदी वृत्तपत्राचा संपादक गजाआड, आणि रायपुरात त्याच सुमारास सार्वजनिक वाचनालयाची स्थापना. महाराष्ट्र मंडळ 1935 मध्ये स्थापन झाले. गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू हे परप्रांतातील मराठी मंडळांचे नेहमीचे जीवन तेथेही आहे. त्याची थट्टा करण्याची मुंबई-पुण्याकडील रीत मला पसंत नाही. ज्याने आपल्या मुलाला मराठी नाटकातील चार वाक्ये पाठ करावयास लावली त्याने भाषेसाठी काहीतरी केले. पण हेही मान्य केले पाहिजे की मंडळाच्या रंगमंचावर भाषा राखली जाते. तेथे तिची दुसऱ्या भाषेशी गाठ पडत नाही.

1956 पर्यंत नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती, आणि हिंदीबरोबर मराठीलाही राज्यभाषेचे स्थान होते. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ एकीकडे गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि तेथील मराठी कुटुंबे एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाली. आपल्याकडे भाषावार प्रांतरचनेचा इतिहास मिळविलेल्या प्रदेशाच्या अंगाने लिहिला जातो. ज्यांच्या घराशी रेषा येऊन थांबली त्यांच्या बाजूने तो कोणी लिहिलेला नाही.

मराठी म्हणजे ब्राह्मणपारा, असा समज मात्र होऊ नये. रायपूरच्या दक्षिणेस बस्तरमध्ये हलबी बोलली जाते. मराठी, छत्तीसगढी आणि ओडिया यांचे रसायन तीत उतरले आहे. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषापाहणीत छत्तीसगढी पूर्वी हिंदीच्या खंडात घातली, पण हलबीचा समावेश मराठीच्या, म्हणजे सातव्या खंडात केला. हे वर्गीकरण पुढे वादग्रस्त ठरले. वाद भाषाशास्त्रज्ञांनी मिटवावा. पण ज्या बोलीला एका मोठ्या पाहणीने आपल्या घरात जागा दिली, तिच्या गीतांविषयी आणि कथांविषयी मराठी समीक्षेने चौकशीही करू नये, याचे नवल वाटते. ब्राह्मणपाऱ्यातील मराठी आपण निदान नातेवाईक म्हणून ओळखतो. हलबीला आपण ओळखही देत नाही.

ब्राह्मणपाऱ्यापासून फार दूर नसलेल्या बैजनाथपाऱ्यात 1923 मध्ये हबीब तन्वीर यांचा जन्म झाला. वडील मूळचे पेशावरकडचे, घरची भाषा उर्दू, शाळा रायपूरची लॉरी म्युनिसिपल, पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. नंतर मुंबईत ते जननाट्य संघात काम करू लागले. त्याच संघाच्या मराठी शाखेत त्या काळी अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख गात होते, नाचत होते, लोकनाट्ये उभी करीत होते. 1954 चे 'आगरा बाजार' दिल्लीत झाले आणि त्याची भाषा उर्दू होती. 1958 मध्ये इंग्लंडहून परतल्यावर त्यांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' 'मिट्टी की गाडी' या नावाने केले आणि त्यासाठी छत्तीसगढातील सहा नाचा कलावंत दिल्लीला नेले.

या नाटकाची निवड मला विशेष महत्त्वाची वाटते. मराठी रसिकाला 'मृच्छकटिक' म्हटले की देवल आठवतात आणि पदे आठवतात. देवलांच्या हाती ते संगीत नाटक झाले. मूळ नाटकाचे मोठे वैशिष्ट्य मात्र वेगळेच आहे. संस्कृत नाट्यवाङ्मयात इतक्या निरनिराळ्या प्राकृत बोली क्वचितच एका नाटकात बोलल्या गेल्या असतील. टीकाकार पृथ्वीधर शौरसेनी, अवंतिका, प्राच्या, मागधी ही नावे देतो आणि शिवाय शकारी, चांडाली, ढक्की असे अपभ्रंश मोजून दाखवितो. शकाराचे 'स'च्या जागी 'श' बोलणे हाच त्याच्या नावाचा आणि स्वभावाचा परिचय. उज्जयिनी नगरीचे भाषावैविध्य रंगभूमीवर कसे आणावे याचा एवढा जुना आणि एवढा जिवंत धडा आपल्या परंपरेत दुसरा नाही. आणि तरीही तन्वीर यांच्या त्या पहिल्या प्रयोगात छत्तीसगढी नट हिंदी बोलत होते! ते अडखळत, अवघडत. ज्या माणसांचे सारे सामर्थ्य त्यांच्या बोलीत आणि तिच्या लयीवर हलणाऱ्या अंगात, त्यांना परक्या भाषेत उभे करणे ही आपली चूक होती, हे तन्वीर यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने मान्य केले. ती चूक दुरुस्त व्हावयास पंधरा वर्षे लागली. 1973 मध्ये रायपुरात भरलेल्या कार्यशिबिरातून 'गांव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' उभे राहिले आणि नट आपल्या भाषेत बोलू लागले. 1975 मध्ये 'चरणदास चोर' आले. कथा विजयदान देथांची, म्हणजे मुळात राजस्थानी, बोलणे छत्तीसगढी, दिग्दर्शक उर्दूतला. 1982 मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले.

सप्रे आणि तन्वीर यांची तुलना मी सहज करीत नाही. दोघेही रायपूरचे, दोघेही घरच्या भाषेबाहेर गेलेले. सप्रे आपल्या भाषेतून बाहेर पडून हिंदीत गेले, आणि हिंदी घडविण्याच्या ओढीत त्यांच्या भोवतालची छत्तीसगढी त्यांच्या लेखनात फारशी उतरली नाही. ज्या मासिकाचे नाव 'छत्तीसगढ मित्र', त्याची भाषा संस्कृतनिष्ठ हिंदी. त्या काळाची गरज तीच होती असे म्हणता येईल, आणि मी ते म्हणतेही. तन्वीर यांनी दुसरा मार्ग धरला : स्वतःची उर्दू बाजूला ठेवून दुसऱ्याला त्याच्या भाषेत बोलू दिले. हे सोपे नव्हते. दिग्दर्शकाने आपल्या नटांकडून भाषा शिकावयाची असते, असे त्या वेळच्या दिल्लीला कोणी सांगितले असते तर हसू झाले असते. 2007 मध्ये छत्तीसगढच्या विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा दिला. त्याआधी तीन दशके ती बोली देशोदेशींच्या रंगमंचांवर मानाने बोलली गेली होती.

रायपूरच्या पश्चिमेस राजनांदगावी 1958 पासून गजानन माधव मुक्तिबोध प्राध्यापक होते. त्यांची घरची भाषा मराठी, कविता हिंदी. 1964 मध्ये ते गेले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरास राहून मराठीत लिहीत राहिले, आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या त्यांच्या समीक्षाग्रंथाला 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका घरातील दोन भावांनी दोन भाषा निवडल्या आणि दोन्ही भाषांच्या वाङ्मयेतिहासांनी त्यांना एकमेकांपासून तोडून दोन कपाटांत ठेवले. शरच्चंद्रांवर लिहिणारा मराठी समीक्षक गजाननांचा उल्लेख 'हिंदीतील थोर कवी' एवढ्यावर उरकतो. हिंदी समीक्षक शरच्चंद्रांचे नाव तळटीपेत घालतो. दोघांनाही मार्क्सवादी विचार आणि सौंदर्यमूल्य यांचा मेळ कसा घालावयाचा हा एकच प्रश्न आयुष्यभर छळीत होता. त्याचा एकत्र अभ्यास होण्यास दोन भाषा येणारा अभ्यासक हवा, आणि तसे विद्यार्थी आमच्या विद्यापीठांत वर्षागणिक विरळ होत चालले आहेत.

'बृहन्महाराष्ट्रातील मराठी वाङ्मय' या मथळ्याखाली आपण इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील लेखकांची नोंद करतो. पण ती नोंद मराठीत लिहिणाऱ्यांची. सप्रे त्या नोंदीत बसत नाहीत, कारण त्यांनी मराठीला दिले ते मराठीत दिले नाही. समर्थांना आणि टिळकांना लाखो हिंदी वाचक ज्याने मिळवून दिले, त्याला मराठीच्या इतिहासात कोठे जागा द्यावी हे आपल्याला अजून ठरविता आलेले नाही. हिंदीने त्यांना आपले मानले. आपण त्यांना दिलदारपणे देऊन टाकले आहे, आणि हा दिलदारपणा नसून विस्मरण आहे अशी माझी तक्रार आहे.

'एक टोकरी भर मिट्टी' मराठीत आणावी म्हणून मी अलीकडे ती पुन्हा हाती घेतली. गोष्ट लहान आहे : एका विधवेची झोपडी जमीनदाराने बळकावली, आणि ती चुलीसाठी तिथली टोपलीभर माती मागावयास आली. 'टोकरी'ला मी आधी 'टोपली' लिहिले. मग वाटले, माती उचलावयाची आहे, तर 'पाटी' बरी. टोकर म्हणजे बांबू, त्यावरून 'टोकरी' जुन्या मराठीतही आहे. तीच ठेवावी काय? सप्रे घरात कोणता शब्द वापरीत असतील? आणि ती म्हातारी प्रत्यक्षात रायपूरच्या आसपासच्या एखाद्या गावची असेल तर ती तिला 'टुकनी' म्हणाली असेल, जो शब्द मूळ कथेतही नाही. सध्या माझ्या कच्च्या प्रतीत तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिलेले आहेत आणि चौथा समासात आहे.